शाळेत हातांस काम द्यावे काय?

खेड्यापाड्यांतील पुष्कळ आईबापांच्या तोंडून एक तक्रार ऐकू येते. वरवर पाहता ती साधी दिसते, पण तिच्या पोटात मोठा प्रश्न आहे. तक्रार अशी की, मूल शाळेतून घरी येते तेव्हा त्याचे हात चिखलाने माखलेले असतात, दप्तरात चिंचोके व काड्या असतात, आणि आज काय शिकलास म्हणून विचारले तर ते सांगते, "आम्ही मातीचे बैल केले." बाप म्हणतो, बैल करावयास शाळा कशाला पाहिजे? माती आमच्या दारात आहे आणि बैल आमच्या गोठ्यात आहे. मुलाला धाडले ते चार अक्षरे यावी म्हणून. शिक्षक ह्यावर हसतात, आणि पालक अडाणी आहेत, त्यांस नवे शिक्षण समजत नाही, असे आपसांत बोलतात.

आम्हांस हे हसणे रुचत नाही. ज्या घरांतून ही तक्रार येते ती घरे बहुधा अशी असतात की, त्यांच्या हातांस कामाची वाण कधी पडली नाही. मोळी, शेणगोठा, वेठ, वाड्यापुढील झाडलोट, मेलेले ढोर ओढून नेणे, ही कामे जन्माबरोबरच पदरात पडत. हात चालवावेत आणि तोंड मिटून असावे, एवढेच शिक्षण त्यांस पिढ्यान्‌पिढ्या मिळाले. अशा घरात मुलाने पाटी हाती धरणे म्हणजे खराटा खाली ठेवणे होते. त्या पाटीसाठी कित्येक आईबापांनी मुलाची मजुरी बुडू दिली व सावकाराकडून चार पैसे जास्त घेतले. आता शाळाच जर त्या मुलाच्या हातात पुन्हा माती, सुतळी व काड्या देऊ लागली, तर त्यांच्या मनात किंतु का येऊ नये? म्हणून हा प्रश्न केवळ शिकविण्याच्या रीतीचा नव्हे, तो न्यायाचाही आहे, असे आम्ही समजतो, व त्याच दृष्टीने वाचकांनी त्याकडे पाहावे अशी विनंती आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, अक्षर व हात ह्यांची ताटातूट ही आपल्या देशात जुनी गोष्ट नाही. आपल्या आजोबापणजोबांच्या काळी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरावयाची आणि बोटाने अक्षर काढावयाचे. अक्षराचे वळण डोळ्यांआधी बोटास कळे. मद्रासेतील एगमोर येथील लष्करी अनाथालयावर १७८९ पासून १७९६ पर्यंत अँड्र्यू बेल नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मलबारी शाळेतील मुले वाळूत बोटाने लिहिताना पाहिली, ती रीत आपल्या शाळेत आणिली, आणि १७९७ साली तिजविषयी लंडनमध्ये पुस्तक छापिले. पुढे इंग्लंडातील गरिबांची पुष्कळ मुले वाळूच्या पेटीत अक्षरे गिरवू लागली. आपण मात्र धूळपाटी मागासलेली म्हणून टाकून दिली, आणि आता तीच युक्ती परदेशी नावाने विकत घेतो!

आता ज्या चिंचोक्यांवर व काड्यांवर पालकांचा राग आहे त्यांचे काय होते ते जरा सावकाश पाहू. पहिली-दुसरीच्या कोणत्याही वर्गात जाऊन मुलांस "तीनशे चार" लिहावयास सांगावे. पाचसात तरी पाट्यांवर ३००४ असे लिहिलेले आढळेल. मुलाने चुकीचे ऐकलेले नाही. त्याने तीनशे ऐकले व ३०० लिहिले, चार ऐकले व ४ लिहिले. त्याच्या परीने तो अगदी बरोबर आहे. आमच्या भाषेत आणखी एक अडचण आहे. "सत्तेचाळीस" म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. म्हणून कित्येक मुले ७४ लिहून मोकळी होतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ह्यावर उपाय म्हणून संख्या "वीस एक", "वीस दोन" अशा वाचण्याचीही सोय केली, तेव्हा राज्यभर मोठा वाद माजला. भाषा बुडाली असे एका पक्षाने म्हटले आणि गणित तरले असे दुसऱ्याने. त्या मुलांनी काड्यांच्या जुड्या किती बांधल्या होत्या, हे विचारणारे थोडे!

जुडीचे काम असे आहे. खराट्याच्या काड्या एका मापाने तोडावयाच्या. दहा काड्या झाल्या की दोरा गुंडाळून जुडी बांधावयाची, आणि दहा जुड्या झाल्या की त्यांचा गठ्ठा करावयाचा. तीनशे चार म्हणजे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या. मध्ये जुडी एकही नाही. ती जागा रिकामी आहे हे मुलाच्या डोळ्यांस दिसते, आणि रिकाम्या जागेची खूण म्हणून पूज्य मांडावयाचे, हे मग त्यास समजावून सांगावे लागत नाही. ३८ आणि २७ ह्यांची बेरीज घ्या. सुट्या काड्या आठ आणि सात मिळून पंधरा होतात. त्यांतील दहांची नवी जुडी बांधली, पाच उरल्या. ती नवी जुडी मुलाच्या हातात असते. तीन, दोन आणि ही एक, अशा सहा जुड्या व पाच सुट्या, म्हणजे पासष्ट. आपण सर्वजण लहानपणी "हातचा एक, हातचा एक" असे घोकीत आलो, परंतु हातात काही नसताना हातचा म्हणत आलो. वजाबाकीत ५२ मधून २७ न्यावयाचे तर दोन सुट्यांतून सात निघत नाहीत. मूल आपण होऊन एका जुडीचा दोरा सोडते. चार जुड्या व बारा सुट्या झाल्या की मार्ग खुला होतो. "उसना घेतला" हे शब्द त्याने मागाहून शिकले तरी चालते. दोरा सोडण्याचे काम त्याच्या बुद्धीने केलेले आहे, आणि बोटे त्या बुद्धीच्या आज्ञेत होती.

ह्याच ठिकाणी आमच्या मते सारा भेद आहे. मजुराचे हात आणि शिकणाऱ्याचे हात बाहेरून सारखेच मळतात. मजुराच्या हातांस दुसऱ्याची बुद्धी हुकूम करिते. किती वाकावे, किती उचलावे, केव्हा थांबावे, हे त्याने ठरवावयाचे नसते. आणि काम बिघडले तर त्याचा जाब असतो. मालकाच्या घरी घागर फुटली तर पाठीत रट्टा बसतो किंवा मजुरी कापली जाते. शाळेत मातीची घागर वाळताना तडकली तर का तडकली हा प्रश्न उभा राहतो. माती चाळली नव्हती काय, पाणी जास्त झाले काय, उन्हात एकदम ठेवली काय? मग दुसरी घागर सावलीत वाळवून पाहावी लागते. चुकण्याची मोकळीक हे शिकण्याचे भांडवल आहे, आणि गरिबाच्या मुलास ते घरी, शेतावर किंवा भट्टीवर कोणीही देत नाही, कारण तेथे प्रत्येक चुकीस किंमत पडते. शाळा हे त्याचे एकच ठिकाण आहे की जेथे त्याच्या हातून वस्तू बिघडली तरी कोणाचे नुकसान होत नाही.

तथापि पालकांची भीती निराधार आहे असे म्हणून आम्ही पुढे जाणार नाही. ती भीती खरी ठरल्याचे इतिहासात दाखले आहेत. स्वित्झर्लंडात पेस्तालोत्सी नावाच्या थोर मनुष्याने १७७४ साली न्यूहॉफ येथील आपल्या शेतावर गरिबांची मुले आणून ठेविली. मुलांनी सूत काताव, विणावे, त्याबरोबर लिहावे-वाचावे, व त्यांच्या कामाच्या उत्पन्नावर शाळेचा खर्च भागावा, असा त्याचा हेतू होता. हेतू शुद्ध होता, पण हिशेब जमला नाही. १७८० च्या सुमारास ती शाळा बंद पडली व तो कर्जबाजारी झाला. मुलांच्या बोटांतून शाळेचा खर्च काढावयाचा म्हटले की, एक तर शाळा बुडते किंवा मुले राबविली जातात.

आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे परिषद भरली व महात्मा गांधींनी मूलोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडिली. डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीने तिचा आराखडा केला. त्यात साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे उद्योगास व मातृभाषेस ४० मिनिटे दिली होती. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा ही कल्पनाही त्या योजनेत होती, आणि ही मुलांची मजुरी होईल, असा आक्षेप त्या वेळीच घेतला गेला. एक गोष्ट समितीच्या बाजूने सांगितली पाहिजे. उत्पन्नाच्या पाठीस लागून शिक्षक मुलांकडून केवळ काम काढून घेण्याचा संभव आहे, असा धोक्याचा इशारा तिने आपल्या अहवालातच देऊन ठेविला होता. महात्माजींचा मूळ विचार थोर होता ह्याविषयी आम्हांस शंका नाही. सुशिक्षितांस श्रमाची लाज वाटू नये हे त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. पण श्रमाची लाज ज्यास वाटते त्यास श्रम शिकवावेत. ज्याच्या अंगावर श्रम लादलेलेच आहेत त्यास आणखी काही शिकवावयाचे असते, हा विवेक योजनांच्या कागदावर पुष्कळदा उतरत नाही.

तो उतरला नाही म्हणजे काय होते हे मद्रास राज्यात दिसले. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी ह्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक सुधारित योजना लागू केली. मुलांच्या दोन पाळ्या करून शाळेचे तास सुमारे तीनवर आणिले, आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापांचा धंदा शिकावा असे ठरविले. तेवढ्याच इमारतींत व तेवढ्याच शिक्षकांत अधिक मुले शिकतील, व अंगमेहनतीस मान मिळेल, असे योजनेच्या बाजूचे लोक म्हणत. परंतु परटाच्या मुलाने दुपारी घरी जाऊन कपडे धुवावेत आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा, तर वकिलाच्या मुलाने घरी जाऊन काय धरावे? पेरियार रामस्वामी व त्यांचे अनुयायी आणि द्रविड मुन्नेत्र कळघम ह्या पक्षाचे लोक ह्यांनी ही कुळाच्या धंद्याची शाळा आहे म्हणून गावोगाव चळवळ केली. १९५४ साली राजगोपालाचारी पदावरून गेले आणि त्यांच्यामागून आलेल्या कामराज ह्यांच्या सरकारने ती योजना रद्द केली. ज्यांनी विरोध केला त्यांस हाताच्या कामाचा तिटकारा होता असे नाही. ते काम कोणाच्या मुलाने करावयाचे हे जन्मावरून ठरू नये, एवढेच त्यांचे मागणे होते.

आमच्या महाराष्ट्रात जोतीराव फुले ह्यांनी हा तोल फार आधी साधला होता. १८८२ साली हंटर कमिशनापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे व हिशेब मागितले, आणि त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही मागितले. शेतकऱ्याचे पोर शेतकरीच राहावे असा त्यांचा हेतू नव्हता. नांगर धरणाऱ्याने मातीविषयी जाणावे आणि दस्तऐवजही स्वतः वाचावा, दोन्ही मिळून तो फसला जाणार नाही, असा त्यांच्या आयुष्यभराच्या खटपटीचा रोख होता. पाटी सोडून माती घ्या असे ते म्हणाले नाहीत, व माती सोडून पाटी घ्या असेही म्हणाले नाहीत.

आणखी एक बाजू आहे, आणि तिजविषयी शिक्षणाच्या पुस्तकांत फारसे लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. हाताने शिकावयाचे म्हणजे वस्तूस हात लावावयाचा. परंतु ह्याच देशात कित्येक मुलांस शाळेत पहिला धडा "हात लावू नको" हा मिळत असे. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, साताऱ्याच्या शाळेत त्यांस बसण्यासाठी घरून तरटाचा तुकडा न्यावा लागे, पाण्याच्या नळास स्वतः हात लावण्याची मुभा नसे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल तर तहान तशीच राही. ज्या मुलाच्या हाताचा स्पर्श नळास चालत नव्हता त्याच्या हाती पृथ्वीचा गोल, तराजू, काचेची नळी कोण देणार होते? म्हणून वर्गात मधोमध चिंचोक्यांची एक टोपली ठेवलेली आहे, आणि पाटलाचा मुलगा व मजुराची मुलगी तिच्यात एकाच वेळी हात घालीत आहेत, हे आम्हांस लहानसे दृश्य वाटत नाही. गणित तर ती शिकतातच.

डहाणू तालुक्यात, जो २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी जे काम केले ते ह्याच जातीचे होते. १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्या वारली मुलांस शिकवीत. माँटेसरीबाईंची साधने महाग होती आणि ती आदिवासी पाड्यावर कोठून येणार? तेव्हा त्यांनी दगड, शिंपले, बिया, पाने, माती ह्यांचीच साधने केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळा पाड्यातील अंगणात नेली, व गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. आज देशभर जो "अंगणवाडी" हा शब्द चालतो त्याचे मूळ त्यांच्याच कामात आहे. कुरणात शाळा नेणे आणि मुलास शाळेतून कुरणात धाडणे, ह्या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतील. मद्रासेत जे झाले ते दुसरे होते; कोसबाडला जे झाले ते पहिले.

आता शिक्षकबंधूंस दोन शब्द स्पष्ट सांगतो, व ते त्यांनी रागे न भरता ऐकावेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध व अन्वेषण ह्यांच्या द्वारे शिकवावे असे सांगितले आहे. परंतु कृती म्हणजे भिंती रंगविणे नव्हे. साहेबांची भेट ठरली की बाजारातून चकचकीत तक्ते येतात, दोरीला कागदी फुले लागतात, आणि मुलांनी केलेले म्हणून जे मांडले जाते ते आदल्या रात्री बाईंनी किंवा मुलांच्या मोठ्या भावंडांनी केलेले असते. मुले त्यास हात लावू गेली तर ओरडा बसतो. तसेच पाणी आणण्यास, वर्ग झाडण्यास, गुरुजींची मोटारसायकल पुसण्यास ठराविक घरांतील मुलेच उठतात, आणि त्यास श्रमसंस्कार हे गोंडस नाव मिळते. झाडलोट वाईट नाही. ती पाळीने सर्वांनी करावी व शिक्षकाचेही नाव त्या पाळीत असावे. मुलींस रांगोळी आणि मुलांस तारेचे व बॅटरीचे दिवे, अशी वाटणीही पुष्कळ वर्गांत होते. ती कोणी केली म्हणून विचारावे तर कोणीच केलेली नसते.

पालकांनी मुलास "आज काय केले?" एवढेच विचारू नये, "ते तसे का झाले?" असेही विचारावे. मटकी तीन वाट्यांत ठेविली, एक कोरडी, एक ओलसर फडक्यात व एक पाण्यात पार बुडवून, तर तिसऱ्या वाटीतील दाण्यांस वास का आला, हे मूल सांगू शकते काय? त्याने वहीत तारीख घालून दोन ओळी स्वतः लिहिल्या आहेत काय? लिहिल्या असतील तर हातावरील माती धुऊन टाकावी व समाधान मानावे. लिहिल्या नसतील, आणि महिनामहिना नुसतेच बैल होत असतील, तर पालकांची तक्रार रास्त आहे. ती त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे उभे राहून मांडावी. त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद आईबाप किंवा पालक असावेत असे त्याच कायद्यात लिहिलेले आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून, त्या दिवसांत त्यांनी गावातील सुतार, माळी, कुंभार व कलावंत ह्यांजकडून शिकावे असे सुचविले आहे. मद्रासची आठवण ज्यांस आहे ते येथे कान टवकारतील, व टवकारावेतच. कुंभाराचा मुलगा ह्या दहा दिवसांत सुताराकडे गेला आणि सुताराचा कुंभाराकडे, तर आमची काही हरकत नाही. प्राथमिक वर्गांत तर कोणास कोठे धाडावयाचीही गरज नाही. ज्या बापाने बैलाची तक्रार केली त्यासच शाळेत बोलवावे. चऱ्हाट कसे वळतात हे त्यास कोणत्याही शिक्षकाहून चांगले येते. त्याने वाक कसा भिजवावा, पीळ उलट का द्यावा, तीन पदरी दोर दोन पदरीपेक्षा जास्त ओझे का ओढतो, हे दाखवावे. मुलांनी दोर हातांनी मोजावा, मग मीटरपट्टीने मोजावा, आणि कोणाचे हात किती भरले ते फळ्यावर मांडावे. पाहुण्याचे नाव फळ्यावर वरच्या बाजूस लिहावे, आणि मुले लिहीत असताना त्यांनी उभे राहू नये म्हणून गुरुजींनी आपली खुर्ची त्यांस द्यावी.